डेट्रॉइटची पीपल मूव्हर: शेपूट आलं, हत्ती आलाच नाही

आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड महिन्याभरात तिसऱ्यांदा येऊन गेलं. सोबत रिकाम्या डब्याचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: डेट्रॉइटच्या डाउनटाउनमध्ये १९८७ साली २० कोटी डॉलर ओतून पीपल मूव्हर नावाची बिनचालकाची गाडी बांधली. रोज ६७,७०० लोक बसतील म्हणाले, बसले साडेसात हजार, म्हणजे क्षमतेच्या अडीच टक्के. अध्यक्ष रेगनसुद्धा म्हणाले होते, यापेक्षा प्रत्येकाला लिमोझिन घेऊन दिली असती तर स्वस्त पडलं असतं. तंत्रज्ञान फसलं, लोकांना स्वतःचीच गाडी हवी असते, आणि मुंबईच्या मोनोरेलची गतही तीच. खाली हसून हसून रडणारे चेहरे.

मी डेट्रॉइटच्या नोव्हाय या उपनगरात राहतो. भारतातून कोणी आलं की त्यांना या गाडीत बसवून एक फेरी मारून आणणं हा आमच्याकडचा ठरलेला कार्यक्रम. ग्रीकटाउनला चढायचं, नदी बघायची, वळसा घालून परत ग्रीकटाउनलाच उतरायचं. तेव्हा गाडीचे दोष मला कोणी शिकवायला नकोत. पण फॉरवर्डमध्ये जे दोष म्हणून दाखवलेत ते भलतेच आहेत.

आधी तो ६७,७०० चा आकडा. तो खरा आहे, पण तो कशाचा होता हे कोणी सांगत नाही. पीपल मूव्हर ही स्वतंत्र गाडी म्हणून आखलेलीच नव्हती. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूखालून भुयारी रेल्वे, उपनगरांतून डाउनटाउनला येणारे रेल्वेमार्ग, आणि त्यांतून उतरलेल्या माणसाला शेवटच्या अर्ध्या-एक किलोमीटरवरच्या ऑफिसात पोचवणारा हा ४.७ किलोमीटरचा, १३ स्थानकांचा छोटा फेरा. अंदाज त्या सगळ्या जाळ्याचं गिऱ्हाईक धरून केलेला. सीएसएमटीला लोकल येणारच नसत्या, तर बाहेर बसच्या रांगेत किती माणसं उभी राहिली असती? तेवढीच इथे राहिली.

मग ते जाळं कुठे गेलं? ही कथा जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९७६ मध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी, जे मिशिगनचेच, आग्नेय मिशिगनच्या रेल्वेसाठी ६० कोटी डॉलर देऊ केले. अट एवढीच की शहर आणि उपनगरं यांनी मिळून एक आराखडा ठरवावा. महापौर कोलमन यंग यांना वुडवर्डखाली भुयारी रेल्वे हवी होती. उपनगरांना तिच्यासाठी पैसे घालायचे नव्हते. आठ मैल रस्ता ही शहराची हद्द. पलीकडे गोरी उपनगरं आणि अलीकडे काळ्यांची बहुसंख्या झालेलं शहर, अशी ती रेघ १९६७ च्या दंगलीनंतर आणखी गडद झाली होती. रेल्वेचे रूळ ती रेघ ओलांडून यावेत हेच अनेकांना नको होतं. वर्षं वादात गेली, १९८१ मध्ये रेगन आले आणि नव्या रेल्वेसाठी वॉशिंग्टनचा हात आखडला. त्या ६० कोटींतून ठरलेली रेल्वे झालीच नाही.

एवढ्यावर थांबलं नाही. पाँटिअ‍ॅकहून डाउनटाउनला येणारी जी एक जुनी उपनगरी गाडी चालू होती, ती ऑक्टोबर १९८३ मध्ये बंद केली. पीपल मूव्हर सुरू झाली ३१ जुलै १९८७ ला. म्हणजे पाहुणे जाऊन चार वर्षं झाली होती आणि इथे मांडव घालून झाला. त्याच काळात हडसन्स हे डाउनटाउनचं भलंमोठं दुकान १९८३ च्या जानेवारीत बंद पडलं. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचं शहर १९९० पर्यंत जेमतेम सव्वादहा लाखांवर आलं. आपल्याकडे म्हणतात, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. इथे हत्ती आलाच नाही, नुसतं शेपूट आलं, आणि आता लोक विचारतात की शेपटीवर माणसं का बसत नाहीत.

‘क्षमतेच्या अडीच टक्के’ हा आकडा मला जास्त मजेशीर वाटतो. त्यामागची क्षमता दिवसाला २,८८,००० प्रवासी अशी दिलेली असते. या आकड्याला २४ ने भागून बघा. बरोबर १२,००० येतात. म्हणजे गर्दीच्या तासाची कमाल क्षमता घेऊन ती चोवीस तासांनी गुणलेली दिसते, पहाटे तीनसुद्धा धरून, जेव्हा गाडी चालतही नाही. या हिशोबाने विरार लोकलचीसुद्धा अब्रू जाईल. एरवी मात्र डबे रिकामे असतात हे मान्यच. गर्दी होते ती मॅच, ऑटो शो असल्या दिवशी. २००६ च्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवसांत दोन लाखांवर फेऱ्या झाल्या.

लिमोझिनचं वाक्य रेगन यांचंच, १९८५ मधलं, पण ते मायामीच्या मेट्रोरेलबद्दल होतं. तेव्हा डेट्रॉइटची गाडी सुरूही झाली नव्हती. फॉरवर्ड करणाऱ्याने नकळत स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय, कारण मायामीलाही डेट्रॉइटसारखीच डाउनटाउन गाडी आहे, मेट्रोमूव्हर. ती १९८६ मध्ये सुरू झाली, पुढे तिचे फाटे वाढवले, २००२ पासून तिकीट काढून टाकलं, आणि महामारीआधी तिच्यात दिवसाला पंचवीस-तीस हजार माणसं बसत होती. फरक कुठे? मेट्रोमूव्हर गव्हर्नमेंट सेंटर आणि ब्रिकेल या दोन ठिकाणी मेट्रोरेलला भिडते. रेगन ज्या रेल्वेला हसले, तीच या छोट्या गाडीला प्रवासी आणून देते. डेट्रॉइटमध्ये नेमकी तीच नव्हती.

तंत्रज्ञान फसलं म्हणाल, तर कॅनडाच्या यूटीडीसी कंपनीची तीच जात, तीच रुळांमधल्या पट्टीवर चालणारी रेषीय मोटर आणि चालकाविना धावणारे डबे व्हँकुव्हरच्या स्कायट्रेनमध्ये आहेत. तिथे ते १९८५ पासून चालू आहेत आणि दिवसाला लाखोंनी प्रवासी नेतात. बांधकामात डेट्रॉइटने घोळ घातले, तुळयांना भेगा गेल्या, खर्च फुगला, हे सगळं खरं. १९९८ मध्ये हडसन्सची इमारत सुरुंग लावून पाडली तर तिचा ढिगारा शेजारच्या मार्गावरच कोसळला आणि फेरा तुटला. नशिबाची थट्टा म्हणावी अशी गोष्ट. पण मोटरचा यात काय दोष?

खरा दोष दाखवायचाच असेल तर मी दाखवतो, फुकट. फेरा एकेरी आहे. गाडी एकाच दिशेने फिरते, त्यामुळे मागच्या स्थानकावर जायचं असेल तर अख्ख्या डाउनटाउनची प्रदक्षिणा घालावी लागते. २००८ मध्ये दिशा उलटी केली, घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरायची ती काट्यांप्रमाणे फिरू लागली, म्हणजे मागचं स्थानक पुढचं झालं आणि पुढचं मागचं. शिवाय डाउनटाउन एवढंसं की धडधाकट माणूस बहुतेक ठिकाणी चालतच लवकर पोचतो. यावर टीका करा, मी टाळ्या वाजवीन.

‘लोकांनाच नको असतं’ हा मुद्दा मात्र मला वैयक्तिक लागतो. वुडवर्डवर आठ मैल रस्त्यापर्यंत जायची ट्राम २०११ च्या डिसेंबरमध्ये गुंडाळली. तिच्यातून उरलेली क्यूलाइन २०१७ मध्ये धावली ती ५.३ किलोमीटर. २०१६ मध्ये चार काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, एकत्रित वाहतुकीसाठी कर लावायचा का, यावर मतदान झालं; ठराव सुमारे १८ हजार मतांनी पडला. एवढ्या मोठ्या प्रदेशात हे निसटतं हरणं आहे, नकार नव्हे. आणि आमचं नोव्हाय? उपनगरी बससेवेतून बाहेर राहण्याची मुभा गावांना होती, आणि आमच्या गावाने ती घेतली होती. २०२२ मध्ये आमच्या ओकलंड काउंटीच्या मतदारांनीच ती पळवाट बंद केली. तोपर्यंत माझ्या घराजवळ बस नव्हती आणि मी गाडी चालवत होतो, त्यावरून मला गाडीच आवडते असा निष्कर्ष काढणं म्हणजे जावईशोध.

राहिली मुंबईची मोनोरेल. तुलना केलीय तर पूर्ण करा. वडाळा-चेंबूर २०१४ मध्ये सुरू झालं, संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा पुढचा टप्पा पाच वर्षांनी, २०१९ मध्ये. मधे २०१७ मध्ये डब्यांना आग लागली आणि सेवा कित्येक महिने बंद राहिली. चालू स्थितीतल्या गाड्या इतक्या थोड्या की पंधरा-वीस मिनिटं फलाटावर ताटकळायचं. ठाणे-भिवंडी-कल्याणसारखे पुढचे मार्ग कागदावरच राहिले. तिथे नंतर मेट्रो ५ आखली गेली. म्हणजे साम्य आहेच, उरलेलं जाळं आलंच नाही हे, पण फॉरवर्डमध्ये सांगितलेलं नव्हे.

जाता जाता एक. डेट्रॉइटने १९५६ मध्ये ट्राम बंद केली तेव्हा आपले चांगले डबे मेक्सिको सिटीला विकले होते. आता टोरंटोने २०२३ मध्ये बंद केलेल्या स्कारबरो मार्गाचे डबे, त्याच यूटीडीसीच्या जातीचे, डेट्रॉइटने पीपल मूव्हरसाठी घेतलेत. चौथ्यांदा फॉरवर्ड कराल तेव्हा फोटो तरी बदला.