घर बंद होतं म्हणे!

तीन दिवस कुरियरवाल्यांचा रोज एकच मेसेज: 'ग्राहक घरी नाही.' अरे, ग्राहक घरीच आहे! ग्राहक, ग्राहकाची आई आणि पडवीत पसरलेला कुत्रा, तिघेही घरीच आहेत. गोव्यात, फोंड्याच्या बाहेर आमच्या वाड्यावर भर जुलैत कोण कुठे उंडारायला जाणार? समोरचा माड दिसत नाही असा पाऊस.

चौथ्या दिवशी फोन आला. "पात्रांव, तुमचें घर खंय?" सांगितलं, सातेरीच्या देवळाकडून डावीकडे, पिंपळाला लागूनच. "बरें, येतां." आला, हेही मान्य. फक्त हाक मारायचे कष्ट घेतले नाहीत. तिन्हीसांजेला आई दिवा लावायला बाहेर गेली, तर पार्सल तुळशीच्या कट्ट्यावर! उघड्यावर! मोबाइलवर काय, तर 'प्रत्यक्ष हाती दिले'. कोणाच्या हाती? वृंदेच्या?

आणि आत काय होतं? बॅटमॅन. 1992 साली सुरू झालेली ती अ‍ॅनिमेटेड मालिका, काळ्या कागदावर रंगवलेल्या पार्श्वभूमीची, केव्हिन कॉनरॉयच्या आवाजाची. तिची कथा पुढे नेणारी कॉमिक्स 2020 मध्ये निघाली. लिहिणारे कोण? अ‍ॅलन बर्नेट आणि पॉल डिनी, म्हणजे मालिकेच्या घरचीच माणसं. चित्रं टाय टेम्पलटनची, ज्याने नव्वदीतच याच मालिकेवरची कॉमिक्स काढली होती. कुणा उपऱ्याने शेपूट जोडलेलं नाही हे. मी तर कॉनरॉयचाच आवाज डोक्यात लावून वाचतो. 2022 मध्ये तो गेला, त्यामुळे नव्या गोष्टीत तो आवाज ऐकायची आता हीच एक जागा उरली.

या कॉमिक्सच्या पहिल्या सीझनचं पुस्तक मला हवं होतं ते भांडायला. हो, भांडायलाच! त्यात म्हणे जेसन टॉड आधीपासून होताच. रॉबिन म्हणजे बॅटमॅनचा पोरगेला जोडीदार; त्यातला डिक ग्रेसन आणि टिम ड्रेकच्या मधला हा. वा! मालिकेच्या 1997 च्या पर्वात टिम आला तेव्हा टू-फेस या खलनायकाच्या टोळीतला बाप वगैरे जेसनचीच पूर्वपीठिका उचलून त्याला चिकटवली होती. त्याच जेसनला आता मागच्या दाराने आत घेऊन बसवला. एवढी वर्षं बॅटकेव्हमध्ये, बॅटमॅनच्या त्या गुप्त गुहेत, कुणी त्याचं नावसुद्धा घेतलं नाही ते कसं? ऑफिसातल्या मित्राचं म्हणणं, नीट जमवलंय, आधी वाच आणि मग बोल. म्हणून पदरचे पैसे घालून मागवलं. वर त्याच मित्राचा सल्ला, "पीडीएफ उतरव की!" याला मी काय बोलू?

बरं, कस्टमर केअर. अर्धा तास तेच संगीत ऐकवल्यावर एक बाई आल्या. "सर, पॅकेट उघडल्यावर पुस्तक परत घेतलं जात नाही." बाई, न उघडता आतलं पुस्तक भिजलंय हे मला कळणार कसं? "सर, तुम्हाला होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व." फोटो पाठवले. उत्तर आलं, फोटोत पॅकेट उघडलेलं दिसतंय.

चकचकीत कागद भिजला की त्याच्यावरचा मुलामाच डिंकासारखा होतो. वाळताना पान पानाला असं धरतं की सुटता सुटत नाही. आई म्हणाली, "भुरग्यांचें पुस्तक तें, इतलो किदें तापता?" तरी इडलीच्या पातेल्याची वाफ तिनेच दिली, बिचारीने. पुढची पानं फुगून पापडासारखी झाली, पण सुटली. मागच्या भागाची, जिथे लाल हेल्मेटवाला रेड हूड येतो आणि जेसनचं प्रकरण उलगडतं, तिथली गठ्ठ्याने चिकटलेली. दाढीच्या ब्लेडने कडेपासून एकेक मिलिमीटर सोडवत बसलो. अर्धं पान आलं. मग हळूच ओढलं आणि टर्र! लाल हेल्मेटचा तुकडा समोरच्या पानावर बॅटमॅनच्या हनुवटीला जाऊन चिकटला, आणि मूळ चौकटीत उरला खरवडलेला पांढरा कागद. संवादाच्या फुग्यातले शेवटचे दोन शब्द तेवढे वाचता येतात.

मित्र रोज विचारतो, "मग, पटला का जेसन?"