वायसर गेला

सिलिंडरवाल्याने दारातच विचारलं, "कोड?" टाकी अजून त्याच्या खांद्यावर, आणि मी शहाण्यासारखे मोबाइलवर आलेले चारही आकडे सांगून मोकळा. कोड दिला की त्याच्या लेखी व्यवहार संपतो. वजनाचा काटा "गाडीतच राहिला" होता. तिसऱ्या मजल्याचे पन्नास मात्र राहिले नव्हते. घरपोच आणण्याचा खर्च पावतीतल्या किमतीतच धरलेला असतो, हे त्याला माहीत, मलाही माहीत. तरी मी दिले. वर सुटे नाहीत म्हणून मीच ओशाळलो!

काटा असता तर हिशेब सोपा. कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन असतं. माझ्या टाकीवर १५.८. त्यात गॅस १४.२ किलो, म्हणजे काट्यावर बरोबर ३० यायला हवेत. दुसऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूला 'बी-२७' असं काहीतरी रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, आणि पुढचा आकडा म्हणजे साल. त्या तिमाहीत टाकीची तपासणी करायची. लोक ती गॅसची एक्स्पायरी समजतात. गॅस काय श्रीखंड आहे?

दोरा ओढून टोपी काढली, रेग्युलेटर बसवला, खटका फिरवला आणि फुस्स.

तेवढ्यात समोरचे नाना आले. हातात काडेपेटी.

"काडी लाव. कुठून गळतोय ते लगेच कळतं."

"नाना, साबणाचं पाणी लावतात."

"पाण्याने काय कळणार? चाळीस वर्षं आम्ही काडीच लावली." नानांच्या भुवया जन्मतः विरळ आहेत असं मी इतके दिवस समजत होतो.

मी खटका बंद करून रेग्युलेटर काढला आणि व्हॉल्व्हमध्ये साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडले. बुडबुडे नाहीत. म्हणजे आतली पिन ठीक. रेग्युलेटर लावल्यावरच गळतोय, म्हणजे वायसर गेला. व्हॉल्व्हच्या तोंडाशी काळं रबरी कडं असतं, तोच हा. तो चिरला, कडक झाला किंवा मुळात बसवलाच नसला, की रेग्युलेटर कितीही दाबा, गॅस कडेने निसटतो. अशा वेळी रेग्युलेटर काढला की गळती थांबते, वर टोपी परत घट्ट बसवायची.

"मला तर वास येत नाही," नाना हवेत नाक वर करून म्हणाले.

"वाकून घ्या. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो."

"गुडघे वाकत नाहीत रे. आणि वास खालून वर यायला नको? कंपनीने एवढंही बघू नये?"

गॅसला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम घालतात, हे सांगितल्यावर नाना भडकले. "म्हणजे आपण वासाचेही पैसे भरतो!" मग थोडा वेळ त्यांचा घरातला गॅस महिनाभर न पुरण्याशी याचा काय संबंध, यावर विचार झाला. मी खिडक्या उघडत होतो. नाना म्हणाले, "कोंडलंय, पंखा लावू का?" आणि बटणाकडे निघाले. माझ्या आयुष्यात मी कोणाला इतक्या जोरात "हात नको!" म्हटलेलं नाही. अशा वेळी बटण लावायचंही नसतं आणि बंदही करायचं नसतं, ठिणगी दोन्हीकडे पडते. नाना दुखावले, पण हलले नाहीत. गॅसगळतीचा तातडीचा नंबर १९०६ लावायला मोबाइल घेऊन मी बाहेर जिन्यात गेलो.

तर खाली गाडी अजून उभी! सिलिंडरवाला वर आला, खिशातून वायसरांचा पुडकाच काढला, पिनेने जुना उचकटून नवा बसवला. दहा सेकंद. अरे, पुडका खिशात घेऊन हिंडतोस, म्हणजे ते गळतात हे तुला ठाऊक आहे. मग दारातच टोपी काढून बघायला काय होतं? हे मी मनात म्हटलं. तोंडाने "थँक यू" म्हटलं. तो म्हणाला, "चहापाणी?" वीस गेले.

पुन्हा साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. हवा खेळू दिली. मग शेगडीचा खटका फिरवला तर लायटर रुसला. टक, टक, टक.

नानांनी काही न बोलता काडेपेटी पुढे केली.

चहात साखर कमी होती म्हणे.