युद्धाची मागणी नोंदवण्यापूर्वी वाचायच्या सूचना

युद्धाची मागणी करायला रात्री नऊची वेळ उत्तम. जेवण झालेलं असतं, भांडी घासायला पडलेली असतात आणि वाहिनीवर भोंगा सुरू झालेला असतो. भोंग्याची हल्ली जरा पंचाईत झाली आहे. १० मे २०२५ रोजी केंद्राच्या नागरी संरक्षण खात्याने वाहिन्यांना कळवलं, की हवाई हल्ल्याचा भोंगा कार्यक्रमात वाजवू नका, लोकांना त्याची सवय होईल आणि खरा वाजला तर कुणी उठणार नाही. तेव्हा आवाज आधीच मोबाइलवर साठवून ठेवलेला बरा. पाकिस्तानशी चकमक चालू असताना ८ मेच्या रात्री ज्यांनी वाहिन्यांसमोर नेटाने जागरण केलं, त्यांना कराची बंदर झोपण्याआधी बेचिराख झालेलं पाहायला मिळालं. सकाळी बंदर जागच्या जागी होतं, पण तोवर आपली लोकलची वेळ झालेली असते.

मागणी नोंदवली की माणसं लागतात. शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, हे आपल्याला पाठ असतं; शेजारचा पत्ता मात्र कुणी नीट सांगत नाही. पुण्याहून निघालात तर खंबाटकी घाट ओलांडला की शेजार लागतो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण मारले गेले आणि इंग्रजांनी त्यांची आठवण दगडात कोरून ठेवली. तिथून पुढे सांगली, कोल्हापूर. वरच्या अंगाला अहिल्यानगर, बुलढाणा. तुमच्या सोसायटीच्या तिन्ही विंगा धरूनही शेजार लागत नाही, ही जमेची बाजू समजा.

तरीही तुमच्याच चिरंजीवांनी एखाद्या संध्याकाळी भरतीचा विषय काढला, तर आरडाओरडा करू नका. त्याला शांतपणे आकडे सांगा. वय साडेसतरा पूर्ण. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढले तर साठपैकी साठ गुण. पुलअप्स दहा. नऊ फुटांचा खड्डा, उडी एकच. अग्निवीर झाल्यावर पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले हातात २१,०००. चार वर्षांनी शंभरातले पंचविसापर्यंत ठेवून घेतात, बाकीचे घरी. एवढं ऐकून मुलगा आपणहून लातूरच्या क्लासची चौकशी करतो. तुमचं देशप्रेम शाबूत राहतं, त्याचं नीटचं वर्षही वाचतं.

यानंतरचं पथ्य चर्चेचं. युद्धाआधी चर्चा अजिबात होऊ देऊ नका. तिने काय होतं, याचा वाईट दाखला आपल्या संसदेनेच घालून दिला आहे. २००३ साली इराकमध्ये आपली फौज यावी अशी अमेरिकेची इच्छा होती. आपल्या लोकांनी एप्रिलमध्ये एका शब्दावरून घोळ घातला: इराकवरच्या हल्ल्याबद्दल नक्की म्हणायचं काय? शेवटी हिंदी ठरावात ‘निंदा’ आणि इंग्रजीत त्याहून सौम्य ‘डिप्लोअर’ असा तोडगा निघाला. ज्याला जेवढं तिखट हवं तेवढं त्याने त्या भाषेत वाचावं. मग जुलै उजाडला. १४ तारखेला सरकारने सांगून टाकलं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसेल तर फौज येणार नाही. तीन महिन्यांच्या या काथ्याकुटापायी केवढी संधी गेली बघा. इराकहून निघालेली एकही पेटी साताऱ्याच्या रस्त्याला लागली नाही.

१९१४ मध्ये असली कुरकुर नव्हती. कुणाच्या आईला कुणी विचारलं नाही. इंग्रजांच्या फौजेतली, पुण्याचं नाव लावलेली सहावी डिव्हिजन आजच्या इराकमधल्या बसऱ्याला पोचली, नदीच्या काठाने वर सरकत गेली, तिच्यातल्या तीन मराठा पलटणी कूट-अल-अमारात तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या आणि १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, शरणागती झाली. त्या काळी घरोघरी वाहिन्या असत्या, तर त्या १४७ रात्री आपण कूट रोज जिंकलं असतं.

असो. युद्ध झालं किंवा होता होता राहिलं, तरी पेटी येते. इथून तुमचं खरं काम सुरू होतं.

कारगिलच्या आधीच्या युद्धांत अंत्यसंस्कार बहुधा तिकडेच उरकले जायचे. घरी यायची तार आणि मागाहून सामान. १९९९ पासून पार्थिव घरी येतं, त्यामुळे कार्यक्रम गावातच घेता येतो. पेटीवरच्या तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असतो. फोटो काढताना उभं कुठे राहायचं, ते त्यावरून ठरवा. ध्वज सरणावर जात नाही, घडी करून घरच्यांच्या हातात देतात. ही घडी देतानाची चौकट सगळ्यात महत्त्वाची, तिच्यात शिरायचं असेल तर अर्धा तास आधीपासून कोपराने जागा धरून ठेवावी लागते. सलामीच्या फैरी तीन असतात. पहिल्या फैरीला वीरपत्नीच्या कडेवरचं मूल दचकतं. तो क्षण हुकला तरी चुकचुकू नका, अजून दोन असतात.

भाषणं आधी की अग्नी आधी, यावरून गावोगाव गोंधळ होतो. भाषणं आधी ठेवा. अग्नी दिल्यावर गर्दी पांगते आणि मग माइकवर उरतात सरपंच आणि मंडपवाला. भाषण चालू असताना सलामीची तुकडी उन्हात तशीच उभी असते, पण त्यांना सवय असते असं आपण धरून चालायचं.

घरच्यांनी काय बोलावं, हे मात्र आधी नीट समजावून सांगा, कारण नेमकी इथेच माणसं चुकतात. बापासाठी वाक्य ठरलेलं आहे: ‘दुसरा मुलगा असता तर त्यालाही पाठवला असता.’ आईने रडावं, पण शब्द न फुटता. बायकोने ‘मला अभिमान आहे’ एवढं म्हणून थांबावं. त्यापुढे एक वाक्य गेलं की मामला बिघडतो. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जण मारले गेले. त्यातल्या एका तरुण नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीचं लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. ती एवढंच म्हणाली की मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी आहे आणि न्याय हवा आहे. ज्यांनी तिचा फोटो आठवडाभर डीपीला लावला होता, त्याच बोटांनी मग तिचं चारित्र्य तपासायला घेतलं. राष्ट्रीय महिला आयोगाला पत्रक काढावं लागलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीतल्या एका विद्यार्थिनीलाही हीच चूक भोवली होती. १९९९ मध्ये ती दोन वर्षांची असताना काश्मीरमध्ये तिचा बाप मारला गेला. त्याला पाकिस्तानने नाही, युद्धाने मारलं, असं ती आदल्या वर्षीच्या एका व्हिडिओत पाटीवर लिहून बसली होती. तिला बलात्काराच्या धमक्या आल्या. त्या अर्थातच देशप्रेमातून.

यात एक बारकावा आहे. युद्ध हवं म्हणायला घरातलं कुणी गेलेलं असावं लागत नाही. नको म्हणायला मात्र निदान एक मृत्यू घरात लागतो, आणि तोही पुरा पडत नाही. हा नियम पाठ ठेवा, वादात फार उपयोगी पडतो. आणि वादाला घरचं कुणीच सापडत नसेल, तर निरोप्याला धरा. मे २०२५ मध्ये शस्त्रसंधी झाल्याचं परराष्ट्र सचिवांनी जाहीर केलं. लोकांनी त्यांच्या मुलीपर्यंत शिव्या पोचवल्या आणि त्यांना आपलं खातं कुलूपबंद करावं लागलं.

तेराव्यानंतर जाऊ नका. त्या घरात मग फार कंटाळवाणा भाग सुरू होतो.

फ्लेक्सवर ‘शहीद’ असतं, पण सेनादलांच्या कागदपत्रांत हा शब्दच नाही. संसदेतही सरकारने तसं सांगितलं आहे. फाइलवर असतं ‘बॅटल कॅज्युअल्टी’ किंवा ‘फिजिकल कॅज्युअल्टी’, आणि पुढचं सगळं या दोन शब्दांवर हलतं. बॅटलमध्ये बसला तर बायकोला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या पगाराएवढी रक्कम. मृत्यू सेवेमुळे झाला पण लढाईत नाही असं ठरलं, तर ६० टक्के. तेही जमलं नाही तर साधं: पहिली दहा वर्षं निम्मं आणि मग ३० टक्के. केंद्राच्या सानुग्रह मदतीचे २०१६ पासूनचे दरही मरण कसं आलं त्यावर आहेत. ड्यूटीवरचा अपघात किंवा अतिरेक्यांचा हिंसाचार २५ लाख. सीमेवरची चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई किंवा ठरावीक उंचीवरचं जीवघेणं हवामान ३५ लाख. युद्धात शत्रूची कारवाई ४५ लाख. माणूस तेवढाच मेलेला असतो. गेलेला सीआरपीएफचा असेल तर फ्लेक्स तोच राहतो, फाइल मात्र गृह मंत्रालयाच्या दारात जाते.

अग्निवीर असेल तर हिशेब आणखी सुटसुटीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला ड्यूटीवर मृत्यू आलेला पहिला अग्निवीर बुलढाणा जिल्ह्यातला होता. पेन्शन नाही म्हणून बोंब उठली तेव्हा लष्कराने यादीच जाहीर केली: विमा ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, सेवा निधी, चार वर्षांतला उरलेला पगार, कल्याण निधीतून ८ लाख, तातडीचे ३०,०००. रक्कम मोठी आहे, यादीही खरी आहे. पेन्शन तेवढी त्या यादीत नव्हती, आणि बोंब नेमकी तिचीच होती. पण यादी लांबलचक असली की एवढं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता कागद. बायकोचं नाव आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर ‘सौ. सुनंदाबाई’ आणि पलटणीच्या नोंदीत नुसतं ‘सुनंदा’ असतं. ‘बाई’ या दोन अक्षरांपायी प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा दाखला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या खेपा. पलटण सुट्टीवर पाठवताना जवानाला नोंदी तपासून घे म्हणते, पण घरी आल्यावर त्याला बोअरची मोटर दुरुस्त करायची असते. लग्नाची नोंद वेळेत झाली नाही, वारसाचं नाव बदलायचं राहिलं, की बापाच्या नावाने विमा आणि बायकोच्या नावाने पेन्शन अशी वाटणी होते आणि घरात दोन चुली मांडल्या जातात. अशा वेळी तुम्ही मध्ये पडू नका, फक्त बाजू घ्या. सून माहेरी गेली तर ‘पैसे घेऊन पळाली’, थांबली तर ‘पैशासाठी थांबली’. तिने दुसरं लग्न केलं तर बघायलाच नको. शौर्यपदकाचा भत्ता हवा असेल तर लग्न दिराशीच, अशी अट सरकारी नियमात नोव्हेंबर २०१७ पर्यंत होती. ती गेली, पण ओट्यावर अजून चालते.

मुलांच्या फीबद्दलही एक उजळणी. शहिदांच्या मुलांच्या शिक्षणखर्चावर २०१७ मध्ये महिना १०,००० ची कमाल मर्यादा आली आणि ओरड झाल्यावर २०१८ मध्ये मागे घेतली. त्या वर्षात किती मुलांची शाळा बदलली, हा प्रश्न कुणी विचारलाच तर आवाज थोडा वाढवून सियाचीनकडे बोट दाखवा.

महिन्या-दोन महिन्यांनी ट्रंक येते. काळी, पत्र्याची, पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. मेलेल्या जवानाच्या खासगी सामानाचं काय करायचं, यासाठी १९५० चा कायदा आहे. पलटणीत समिती बसते, वस्तू मोजते, कँटीनची उधारी वजा करते, यादी करते. दाढीचं सामान एक. लोकरी मोजे तीन जोड. चार्जर एक. खोबरेल तेलाची बाटली, अर्धी. प्रत्येक वस्तूपुढे ‘मिळाली’ म्हणून खूण करायची आणि खाली सही. या कार्यक्रमाला मंडप नसतो, त्यामुळे तुमचं तिथे काम नाही.

नोव्हेंबरातही फिरकू नका. दरवर्षी पेन्शनसाठी आपण हयात आहोत हे वीरपत्नीला त्या सुमारास यंत्रावर अंगठा ठेवून सिद्ध करावं लागतं, आणि खुरपणीने बोटं झिजली असतील तर यंत्र ते मान्य करत नाही.

राहता राहिला फ्लेक्स. वीस बाय दहाचा घ्या. मधोमध जवान, वर डाव्या-उजव्या गोलांत नेते, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज फोटो. शुभेच्छुक हा शब्द इथे चुकतो हे खरं, पण छापणाऱ्याकडे साचा तोच असतो. कापड जाड निवडा आणि कडेच्या रिंगा मोजून घ्या. मे महिन्यात ते घरचे लोक फ्लेक्स उतरवून कडब्याच्या गंजीवर ओढतात, छापील बाजू आत करून, सुतळीने चारी कोपरे दगडाला बांधून. पातळ कापड पहिल्याच वळवाला फाटतं आणि कडबा भिजतो.