तिच्या स्वभावाला नावं ठेवण्याआधी तिचं ताट बघा

"हल्ली फार चिडचिड करते." "सारखी आडवी पडलेली असते." "कशात लक्षच नसतं तिचं." आई, बायको, सासू, वहिनी, कुणाबद्दलही आपण हे सहज बोलून जातो. पुढे ठरलेली कारणं जोडतो: वय झालं, पाळी जायची वेळ आली, टेन्शन घेते फार. माझं स्पष्ट मत आहे की यातल्या कितीतरी तक्रारींचं मूळ स्वभावात सापडणार नाही. ते रक्तात आणि ताटात शोधायला हवं, आणि ते आपण शोधतच नाही याचा मला मनापासून राग येतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. पुरुषांत हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास. पाळी आणि बाळंतपणं यांमुळे बाईच्या अंगातलं लोह जास्त खर्ची पडतं, हे खरंच. पण मग तिला जास्त मिळायला हवं ना? आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

आमच्या नात्यातल्या एका काकूंचं जेवण मी जवळून पाहिलंय. सकाळपासून दोन-तीन कप चहा, त्यासोबत फार तर दोन बिस्किटं. सगळ्यांची जेवणं, डबे, भांडी आटोपून त्या बसायच्या तेव्हा अडीच-तीन वाजलेले. उसळीतली मटकी संपलेली, पातेल्यात नुसता रस्सा. कालची पोळी वाया जाऊ नये म्हणून तीच. दही मुलांना पुरवून ठेवायचं. जेवण झाल्या झाल्या परत चहा. सोमवार, चतुर्थी, एकादशी हे उपास वेगळेच, आणि त्या दिवशी साबुदाणा. साबुदाण्यात पिष्ट सोडून फारसं काही नसतं.

मग त्यांना रडू यायला लागलं, कारण नसताना. गॅसवर दूध ठेवलंय हे विसरायच्या. जिना चढताना धाप, रात्री पायांना मुंग्या. घरच्यांनी सत्संगाला पाठवून पाहिलं, हवापालटाला नेऊन पाहिलं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारी तपासणी) आणि बी-१२ या जीवनसत्त्वाची तपासणी करायला लावली. हिमोग्लोबिन आठच्या खाली, गर्भार नसलेल्या बाईला किमान बारा हवं. बी-१२ तर तळाला गेलेलं. इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या आणि सगळ्यांसोबत वेळेवर जेवण, एवढ्यावर काही महिन्यांत काकू पूर्वीसारख्या हसायला-बोलायला लागल्या. पायाच्या मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. बी-१२ ची कमतरता फार दिवस राहिली की नसांना झालेली इजा भरून येतेच असं नाही, म्हणून तर उशीर नको.

यात गूढ काही नाही. मन थाऱ्यावर ठेवणारी सेरोटोनिन, डोपामिन ही रसायनं मेंदूत तयार व्हायला लोह लागतं. नसांवरचं आवरण शाबूत राहायला बी-१२ लागतं, आणि ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. भाजीपाल्यातून मिळत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला, तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी निघालं. म्हणजे दुखणं आपल्या अंगणातलंच आहे.

खाणं कमी पडलं की माणूस कसा बदलतो, हे अमेरिकेत मिनेसोटामध्ये १९४४-४५ साली पाहिलं गेलंय. ३६ धडधाकट, मनाने खंबीर तरुणांना सहा महिने जवळपास अर्ध्या आहारावर ठेवलं. ती मुलं उदास झाली, क्षुल्लक गोष्टींवरून चिडायला लागली, माणसं टाळायला लागली, दिवसरात्र अन्नाचाच विचार. स्वभाव तेच होते, कमी झालं होतं फक्त जेवण. आपल्या घरात वर्षानुवर्षं शेवटी जेवणाऱ्या बाईला मात्र आपण 'तापट' म्हणून मोकळे होतो.

एक गोष्ट ठामपणे सांगते: नैराश्य हा खरा आजार आहे. पालेभाजी खाऊन तो बरा होतो असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका, आणि चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाच, सोबत रक्तही तपासून घ्या. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, विसरू नका. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह संपलेलं असलं तरी प्रचंड थकवा येतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी बी-१२ अधूनमधून बघायलाच हवं.

स्वयंपाकघरात करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला महागडी पावडर लागत नाही. जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवा, चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. वरण-उसळीवर लिंबू पिळा, मटकी-मुगाला मोड आणा. बाजरीची भाकरी, अळिवाचे लाडू (ते फक्त बाळंतिणीसाठीच कशाला?), लोखंडी कढईतली भाजी. उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा, दाणे, दूध, ताक. आणि सगळ्यांनी एकदम बसून जेवा. दह्याची वाटी तिच्या ताटात आधी ठेवा, नंतर उरलं तर नको. हे मी पुरुषांना आणि मोठ्या मुलांना सांगतेय, कारण ती स्वतःहून घेणार नाही.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर शौच काळी होते, घाबरून बंद करू नका. पोटात मळमळत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतात. हिमोग्लोबिन वर आलं म्हणजे काम झालं असंही समजू नका, साठा भरायला त्यापुढे आणखी तीनेक महिने गोळ्या घ्याव्या लागतात. बहुतेक जणी इथेच सोडतात, आणि वर्षभरात पुन्हा तीच धाप, तीच चिडचिड.