सर्टिफिकेटांच्या थप्पीनं बढती मिळत नाही

‘बढती असो, प्रतिनियुक्ती असो की पदक, ही पाच सूत्रं पाळा, फाईल अडणार नाही’ असा एक मेसेज सध्या सोलापुरातल्या खाकीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. सूत्रं थोडक्यात अशी: बायोडेटा जाडजूड करा, निवेदनाची भाषा भारदस्त ठेवा, जुनी शिक्षा लिहू नका, गोपनीय अहवालाच्या (वरिष्ठ दरवर्षी तुमच्या कामावर लिहितात तो) नादी लागू नका आणि अर्ज थेट वर पाठवा. माझी नोकरी आस्थापना शाखेच्या टेबलावर अशाच फायली चाळण्यात गेली, म्हणून हे लिहितोय. पाचही सूत्रांत गडबड आहे आणि एक तर सरळ अंगाशी येणारं आहे.

मुळात त्या मेसेजनं सगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे. शिपायाचा हवालदार, हवालदाराचा एएसआय (सहायक उपनिरीक्षक) होताना कुणी बायोडेटा मागत नाही. तिथं ज्येष्ठता यादी, सेवा पुस्तक, मागचे अहवाल आणि विभागीय चौकशी चालू आहे का, एवढंच पाहतात. त्या बढतीसाठी रात्र जागून निवेदन लिहिणाऱ्यानं निवांत झोपावं. बायोडेटा आणि निवेदनाची खरी गरज पडते ती एनआयए-सीबीआयसारख्या ठिकाणच्या प्रतिनियुक्तीला (म्हणजे काही काळ दुसऱ्या खात्यात काम करायला), पदकाच्या प्रस्तावाला आणि अधिकाऱ्यांना दरवर्षीच्या स्वयंमूल्यनिर्धारणात, म्हणजे वर्षभराचं आपलं काम आपणच लिहून देण्यात. हे शेवटचं १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचं असतं, आणि त्यात गेल्या वर्षीचाच मजकूर तारीख बदलून चिकटवणारे महाभाग कमी नाहीत.

आता जाडजूड बायोडेटा. प्रतिनियुक्तीच्या परिपत्रकासोबत ठरावीक नमुना येतो. त्याबरोबर मागच्या पाच वर्षांच्या अहवालांच्या साक्षांकित प्रती, दक्षता विभागाचं ना-हरकत, सचोटीचा दाखला आणि मागच्या दहा वर्षांतल्या शिक्षांचं विवरण जातं. रक्तदान शिबिराचं प्रमाणपत्र, गणेश मंडळानं दिलेलं सन्मानचिन्ह, शाळेच्या गॅदरिंगला पाहुणे म्हणून गेल्याचा फोटो यांना त्या नमुन्यात रकानाच नाही. चाळणी करणारा माणूस एकच गोष्ट शोधत असतो: जाहिरातीत जे काम लिहिलंय, ते या माणसानं कधी आणि कुठं केलंय? सायबरच्या जागेसाठी अर्ज करताना पहिल्या पानावर कबड्डीचं पदक दिसलं की तो पुढचा अर्ज उचलतो. कबड्डीचं लिहू नका असं नाही, शेवटच्या रकान्यात लिहा.

भाषेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो. ‘मी अत्यंत कर्तव्यदक्ष, धाडसी व प्रामाणिक अंमलदार असून आषाढी वारी बंदोबस्तात उल्लेखनीय कामगिरी बजावली आहे.’ हे वाक्य पंढरपूर बंदोबस्त केलेला प्रत्येक जण लिहितो, आणि आपल्या जिल्ह्यात तो कुणी केला नाही? विशेषणं देणं हे प्रतिवेदन अधिकाऱ्याचं, म्हणजे तुमचा अहवाल लिहिणाऱ्या साहेबांचं काम, तुमचं नव्हे. तुम्ही काय केलं ते सांगा. समजा तुमची ड्यूटी महाद्वार घाटावर होती, तर असं लिहा: ‘एकादशीच्या पहाटे वाळवंटात उतरणारे आणि स्नान करून वर येणारे भाविक एकाच पायऱ्यांवर अडकत होते. वरिष्ठांना विचारून दोर बांधला आणि दोन वाटा केल्या. हरवलेल्यांची वेगळी नोंदवही ठेवली. दुसऱ्या पाळीनंही तीच पद्धत पुढे चालवली.’ यात एकही विशेषण नाही, पण वाचणाऱ्याला अडचण कळते, निर्णय कुणाचा ते कळतं, आणि पुढच्या पाळीनं ती पद्धत उचलली म्हणजे ती चालली हेही कळतं. सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या नंदीध्वज मिरवणुकीचा बंदोबस्तही असाच लिहिता येईल.

तपासाच्या कामाचंही हेच. ‘अनेक क्लिष्ट गुन्हे उघडकीस आणले’ याला काही अर्थ नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. ते तुम्ही स्वतः केलंय का, चित्रीकरण न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वेळेत पोचवलं का, कोर्टात ते टिकलं का, ते सांगा. सोबत गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि कलम द्या, म्हणजे पडताळता येतं. मात्र लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील चुकूनही नको, भारतीय न्याय संहितेच्या (बीएनएस) कलम ७२ खाली तो स्वतःच गुन्हा ठरू शकतो. खबऱ्याचा उल्लेखही नको. आणि चौघांच्या पथकानं केलेली कामगिरी एकट्याच्या नावावर मांडू नका. उरलेले तिघंही कुठं ना कुठं अर्ज करतच असतात, चारही कागद एका टेबलावर आले की हसं होतं.

तिसरं सूत्र, ‘शिक्षा लिहू नका, कोण बघतंय’, हेच ते अंगाशी येणारं. शिक्षांचं विवरण तुम्ही देत नाही, कार्यालय देतं, सेवा पुस्तकावरून. वेतनवाढ रोखल्याची नोंद कार्यालयाच्या विवरणात आहे आणि तुमच्या बायोडेटात ‘निरंक’ आहे, म्हणजे जुनी कसूर राहिली बाजूला आणि आज खोटी माहिती दिल्याचा नवा विषय उभा राहिला. त्यापेक्षा आदेशाची तारीख, शिक्षा आणि अपिलाचा निकाल, तीन ओळींत लिहून मोकळं व्हा. सफाई देत बसू नका.

गोपनीय अहवालाचं सूत्र तर वर्षानुवर्षं जुनं आहे. देव दत्त प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद संबंधिताला कळवली पाहिजे, फक्त प्रतिकूल नव्हे. देव दत्त हा बॉर्डर रोड्सचा (सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या खात्याचा) अभियंता ‘गुड’ शेऱ्यामुळे बढतीतून वगळला गेला होता, कारण निकष ‘व्हेरी गुड’चा होता, आणि तो शेरा त्याला कळवलाच नव्हता. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हेच कायम केलं. (लष्करातल्या अधिकाऱ्यांना हे लागू नाही असं २००८ च्या निकालातच स्पष्ट केलंय, त्यामुळे फौजेतल्या भावाला हा सल्ला देऊ नका.) तेव्हा अहवालाची प्रत मागा, वाचा, प्रतवारी घसरली असेल तर मुदतीत अभिवेदन (शेरा बदलण्याची लेखी विनंती) द्या. अभिवेदनात साहेबांबद्दल तक्रार लिहू नका, त्या वर्षीच्या कामाचे कागद जोडा. सूत्र सांगणाऱ्याला हे कटकटीचं वाटत असेल, पण पाच वर्षांचे अहवाल जिथं पाहिले जातात तिथं एक शेरा पाच वर्षं सोबत राहतो.

राहिलं ‘थेट वर पाठवा’. परिपत्रकात आगाऊ प्रत चालेल असं लिहिलं असेल तर जरूर पाठवा. पण अर्ज विचारात घेतात तो योग्य मार्गानं आलेलाच, कारण अहवालांच्या प्रती आणि दक्षतेचा दाखला तुमच्या कार्यालयातूनच जोडला जातो. पोलीस ठाण्यातून कार्यालयात आणि तिथून वर, असे टप्पे असतात, आणि दिवस जातात ते बहुतेक वेळा या वाटेत. अर्ज दिला की आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. मुदतीच्या आठेक दिवस आधी टेबलावर जा आणि फाईल कुणाच्या सहीसाठी थांबली आहे ते विचारा. तेवढ्यासाठी कुणी मेमो देत नाही.