माय रडत नव्हती म्हणे!

आज पाचवा दिवस. सकाळी साडेसहाला उधन्याहून फोन, लांबच्या मावससासूचा. "काय वं, सापडना का पोऱ्या?" मावशी, माझ्या जावेचा हरवलेला पोरगा सोमवारीच सापडला! सोमवारी रात्री पावणेनऊला सापडला, दूध-भाकर खाऊन झोपला आणि मंगळवारी सकाळपासून अंगणात कोंबड्यांमागे धावतोय. आणि तुमच्या सुरतेच्या ग्रुपवर त्याचा फोटो आज पहाटे आला. वर लाल अक्षरांत ‘अर्जंट’, खाली माझ्या दिराचा नंबर आणि शेवटी ‘एक शेअर करा, एका आईचे अश्रू पुसा’.

अश्रू! हा शब्द वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी संध्याकाळी याच लोकांनी गावभर काय पसरवलं होतं? माय रडत नाही. डोळ्यात टिपूस नाही. विचार करा.

चार वाजता पोरगं दिसेनासं झालं. अडीच वर्षांचं. जाऊ वेचणीहून आली, हातपाय धुवून चुलीपाशी बसली, तेवढ्यात. आम्ही आधी विहीर पाहिली. ज्यानं कधी घरचं पोरगं शोधलंय त्यालाच ठाऊक, विहिरीत डोकावताना पोटात काय होतं. मग नाला, शाळेमागचं टाकं, आमचं खळं, मारुतीच्या देवळामागची बाभळीची रांग. साडेचारला मीच त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकायला दिला. वाटलं, शंभर डोळे शोधतील. शोधायला आले मोजून चौदा जण, त्यात नऊ बाया. बाकीचे पारावर. मोबाइल हातात, मान खाली, अंगठे चालू.

पाच वाजता पांढरी ओम्नी आली. फाट्यावर कुणीच पाहिली नव्हती ती, ग्रुपवर आली होती. साडेपाचला तीच गाडी काळी स्कॉर्पिओ झाली. सहाला तिच्यात दोन बाया बसल्या आणि मागच्या काचेतून पोराचा हात दिसला. कुणी पाहिला? "माझ्या मित्राच्या साडूनं." साडू कुठं आहे? "तो जळगावला राहतो." जळगावात बसलेल्या माणसानं आमच्या फाट्यावरची गाडी पाहिली, आणि त्यावर अठ्ठावीस जणांनी हात जोडले.

गाडीचा विषय संपला तसे घराकडे वळले. बाई मोबाइलमध्ये असेल, आजकालच्या बायांना पोरांपेक्षा रील प्यारं. अरे, माझ्या जावेकडे बटणांचा फोन आहे! सकाळी सातपासून दुपारी साडेतीनपर्यंत ती कापसात वाकलेली होती. तिच्या बोटांना बोंडांच्या चिरा बघा आणि मग बोला. पण कुणाला बघायचंय? मग आलं, ‘नवरा बाहेरगावी गाडीवर, बाई एकटी, समजून घ्या.’ काय समजून घ्यायचं? स्पष्ट लिहायची हिंमत नाही म्हणून ‘समजून घ्या’. मला या दोन शब्दांचा जितका तिटकारा आहे तितका शिवीचाही नाही. शिवी निदान तोंडावर देतात.

आणि मग माझा नंबर लागला. ‘थोरलीला दोन्ही पोरीच. अमावस्या जवळ आलीय.’ बस, दोनच वाक्यं. खाली कुणीतरी ‘नरबळी?’ असं प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं. प्रश्नचिन्ह टाकलं की आपण सुटलो, असं यांना वाटतं. ती दोन वाक्यं लिहिणारा मुलगा माझ्या अंगणवाडीत होता. सोळा वर्षं मी हे काम करतेय. त्याचं नाक मी पुसलंय, त्याला खिचडी मी भरवलीय, पावसात त्याला कडेवर घेऊन घरी मी पोचवलंय. त्यानं माझ्याबद्दल हे लिहिलं तेव्हा माझ्या दोन्ही पोरी बॅटऱ्या घेऊन नाल्यात उतरल्या होत्या, चुलतभावाला हाका मारत. धाकटीच्या पायात बाभळीचा काटा मोडला, तो मंगळवारी काढला. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा 2013 सालापासून आहे, पण शेजाऱ्याच्या डोक्यात जे असतं ते कोणता कायदा काढणार?

तरी माझं मी गिळलं असतं. तिचा व्हिडिओ मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सात वाजले असतील. बायांनी तिला ओट्यावर बसवलं होतं, बस गं, पाणी पी गं करत. तीन तास धावलेली. ओठाला पापुद्रे आलेले, पदराचं टोक दातात, नजर रस्त्यावर. ती रडत नव्हती. कारण ती ऐकत होती! कुठून त्याचा आवाज येतो का, म्हणून कान टवकारून बसली होती. पोरगं हरवलेली बाई गळा काढून रडत बसली तर पोराची हाक तिला कशी ऐकू येईल? पण आमच्याच गल्लीतल्या एकानं समोर उभं राहून अर्धा मिनिट तिचा चेहरा टिपला आणि टाकला. ‘आईच्या डोळ्यात पाणी नाही. काहीतरी गडबड आहे.’ तासाभरात तो व्हिडिओ तिच्या माहेरी पोचला. तिच्या म्हाताऱ्या वडिलांना तो दाखवून कुणीतरी विचारलं, "आप्पा, पोरीचं सासरी बरं आहे ना?" नातू हरवलेल्या माणसाला!

ती काय बोलत होती, ते व्हिडिओत ऐकू येतं. आवाज वाढवा आणि ऐका. "ताई, तो दोन दिनफाईन पिल्लासना मांगे लागेल शे." मांजरीच्या पिल्लांमागे. हे तिनं मला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, पारावर जाऊन सांगितलं. आमच्या खळ्यात मांजर व्यायली होती आणि सोमवारी दुपारी तिनं पिल्लं हलवली होती. शेजारचं जुनं खळं उघडा, असं जाऊ सहा वाजल्यापासून म्हणत होती. तर उत्तर काय? "वहिनी, कुलूप आहे ना, कुलपातून पोरगं जाईल का?" कुलूप होतं हो. पण फाटकाखाली हातभर जागा होती! पोटावर सरकत गेलं पोरगं. आणि त्या खळ्याची किल्ली ज्याच्या खिशात होती, तो पारावर उभा राहून स्कॉर्पिओचा नंबर सांगत होता.

साडेआठला बायांचे हात झिडकारून ती उठली, फाटकाशी गेली, दगडानं कुलूप फोडलं. कुट्टीच्या खोलीत पोत्यांमागे पोरगं झोपलेलं, पोटाशी तीन पिल्लं. तेव्हा ती रडली. असं रडली की दोन गल्ल्या बाहेर आल्या. ते कुणी टिपलं नाही.

मीही तिचं ऐकलं नव्हतं. मी फोन घेत होते. "हो दादा, निळा शर्ट", "नाही ताई, अजून नाही", "नाही हो, वाटणीचा वाद नाही". दीड तास मी लोकांना उत्तरं देत बसले आणि माझी जाऊ माझ्या शेजारी तेच वाक्य म्हणत होती. याचा मला पाच दिवस झोपताना त्रास होतोय.

झोप येत नाही म्हणून वाचत बसले, तर ऑस्ट्रेलियातली गोष्ट सापडली. 1980 साली, उलुरूच्या खडकापाशी, तंबूतून नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. तिची आई, लिंडी चेंबरलेन, पहिल्या क्षणापासून ओरडत होती की डिंगोनं, तिथल्या रानकुत्र्यानं, पोर नेलं. लोकांनी काय पाहिलं? टीव्हीवर ती पुरेशी रडत नाही. अख्खा देश तिच्या डोळ्यांकडे बघत बसला. 1982 साली तिला खुनासाठी जन्मठेप झाली. 1986 साली डिंगोंच्या वस्तीजवळ बाळाचं जाकीट सापडलं तेव्हा ती सुटली. 1988 साली शिक्षा रद्द झाली, आणि डिंगोनंच नेलं हे सरकारी कागदावर यायला 2012 उजाडलं. बत्तीस वर्षं! ते वाचून मी उठून ओसरीवर जाऊन बसले. आमच्या पारावरची माणसं आणि ती माणसं यांत मला काही फरक दिसेना. इंग्लंडमध्ये निदान वर्तमानपत्रांना भोगावं तरी लागलं. मॅडलिन मॅककॅन ही तिथली चार वर्षांचीही नसलेली मुलगी 2007 साली पोर्तुगालमध्ये हरवली, तिच्या आईबापांवर वाटेल ते छापलं, म्हणून 2008 साली पहिल्या पानावर माफी आणि साडेपाच लाख पौंड भरपाई. आमच्या ग्रुपवर कुणी ‘चुकलं’ एवढंही लिहिलेलं नाही.

आणि तो चादरीवाला. सात वाजता फाट्यावर मोटारसायकलवर चादरी बांधून चाललेला परक्या गावचा माणूस. आमच्या पोरांनी अडवला. गठ्ठा सोडून चादरी मातीत फेकल्या, आत पोरगं असेल म्हणून! तो आधारकार्ड दाखवत होता आणि हे त्याच्या थोबाडीत मारत होते. पोलीस पाटील आणि गिरणीवाल्या आजी मध्ये पडल्या, त्याला गिरणीत घालून शटर ओढलं म्हणून तो वाचला. तेही थोडक्यात.

राईनपाडा विसरलात का रे? लांब नाही, आपल्याच खान्देशात आहे, साक्री तालुक्यात. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून पोटासाठी भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. पोरं पळवणारी टोळी आली, ही आवई मोबाइलवर आधीच फिरत होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना मारून टाकलं. त्याचेही व्हिडिओ निघाले. त्या वर्षी देशभर जी चित्रफीत फिरली, मोटारसायकलवरचे दोघं पोर उचलून नेतात ती, ती कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीची होती. शेवटी ते पोर परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढा शेवट कापला आणि माणसं मेली. त्याच जुलैत व्हॉट्सअपनं एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा आपल्या देशात घातली. पाच माणसं गेल्यावर पाचची मर्यादा. आणि सोमवारी आमच्या ग्रुपवर तीच चित्रफीत पुन्हा आली, ‘धुळे हायवे, आजची घटना’ म्हणून. खाली ठरलेलं: ‘खरं-खोटं माहीत नाही, आलं तसं पाठवलं.’ माहीत नाही तर पाठवतोस कशाला? घरात कुणी न ओळखलेली पुडी आली तर ती पोराला चाटवतोस का?

यांचं हे जुनंच दुखणं आहे. 2017 साली चाळीसगावकडे बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा कुठल्याकुठल्या जंगलातले फोटो ‘आपल्या शिवारात’ म्हणून फिरवले, आणि बायांनी आठ-आठ दिवस निंदणीला जायचं सोडलं. ज्यांची चूल मजुरीवर पेटते त्यांनी त्या आठ दिवसांत काय खाल्लं, हे फोटो पाठवणाऱ्यानं विचारलं नाही. रक्त पाहिजे म्हणून जो निरोप येतो, त्यातला पेशंट दोन वर्षांपूर्वी घरी गेलेला असतो. एकदा सुटलेलं परत बोलवायची कुणाला सवयच नाही.

अजून एक. पोलिसात तक्रार दिली तेव्हा अंमलदारांनी अपहरणाचा गुन्हा नोंदवला. नीट समजावूनही सांगितलं: मूल हरवलं की अपहरण समजूनच गुन्हा नोंदवायचा, हा सुप्रीम कोर्टाचा 2013 सालचा आदेश आहे, शोध लगेच सुरू व्हावा म्हणून. किती चांगली गोष्ट! पण गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरणाऱ्या एकानं कागदाचा फोटो काढला आणि टाकलं, ‘पोलिसांनीही अपहरण मान्य केले.’ झालं. ज्या कागदानं पोरगं शोधायचं, त्याच कागदानं चादरीवाल्याला मारायला निघाले.

म्हणून आता सांगते. त्या पोराचा फोटो काढून टाका. सापडला तो. बाल न्याय कायद्याचं कलम 74 आहे, गुन्ह्यातल्या पीडित बालकाची ओळख पसरवायला मनाई आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी ग्रुपवर हे लिहिलं तर अ‍ॅडमिन म्हणाले, "ताई, लोकांच्या भावना चांगल्या होत्या." तिच्या व्हिडिओवर बोलले नाहीत. तो व्हिडिओही काढा. आधी तो काढा. पुन्हा कुणाचं मूल हरवलं तर पोलिसांच्या 112 ला लावा, मुलांच्या हेल्पलाइनच्या 1098 ला लावा, आणि त्याच्या आईला विचारा तो कुठं जातो, काय मागतो, कशामागे लागतो. तिच्या डोळ्यांकडे काय बघता?

जाऊ तेव्हापासून वेचणीला गेलेली नाही. फाट्यावरून जावं लागतं, तिथं सगळे बसलेले असतात. कापूस झाडावर लोंबतोय. काल तिनं मला हळूच विचारलं, "ताई, मी रडायला पाहिजे होतं का?"

दीर दोन दिवसांच्या सुट्टीवर घरी आलेत. आत्ता त्यांचा फोन पुन्हा वाजला. कुणीतरी कल्याणहून बोलतंय. सापडला का, म्हणून विचारतंय.