‘सहा दिवसांत विषय संपला’ : एका फॉरवर्डला उत्तर

“मामा, इस्रायलने सहा दिवसांत केलं ते आपण का करत नाही?”

मंगळवारी रात्री भाचीने फोनवर हाय-हॅलोच्या आधी हे विचारलं. ती बारावीला आहे, एनडीएची लेखी परीक्षा देणार आहे, आणि क्लासमधल्या गटचर्चेसाठी तिने हाच विषय निवडला होता. आधार काय, तर आमच्या घरच्या ग्रुपवर कोथरूडच्या काकांनी टाकलेला फॉरवर्ड. तो मी सकाळीच पाहिला होता आणि नेहमीसारखा पुढे सरकवला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं, ते आता देतो.

फॉरवर्ड थोडक्यात असा. १९६७ साली चिमुकल्या इस्रायलवर तेरा देश चालून आले. मूठभर सैनिक, तयारी शून्य, पण छाती पोलादी. पंतप्रधानांनी एका रात्रीत निर्णय घेतला. सहा दिवसांत शत्रू संपला आणि पुढची पन्नास वर्षं कुणी वाकडी नजर टाकली नाही. भारतानेही पहिला घाव घालावा, सहा दिवसांत विषय मिटेल. खाली तिरंगा, आणि खरे देशभक्त असाल तर दहा जणांना पाठवा.

मी वायुसेनेत वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची पुण्याच्या लोहगाव तळावर. विमान चालवायचं नव्हे, विमान उडण्याजोगं ठेवायचं काम. म्हणून ‘तयारी शून्य’ हे दोन शब्द वाचून माझं डोकं फिरलं. सुरुवात तिथूनच करतो.

५ जून १९६७ च्या सकाळी इजिप्तच्या घड्याळात पावणेनऊ वाजले होते. पहाटेची गस्त घालून इजिप्तची विमानं उतरली होती, नाईल खोऱ्यातलं धुकं विरत होतं, अधिकारी घरून कामावर निघाले होते. ही वेळ योगायोगाने साधलेली नव्हती, ती कित्येक महिन्यांच्या टेहळणीतून काढलेली होती. सुमारे १८० इस्रायली विमानं भूमध्य समुद्रावरून रडारच्या खाली, पाण्याला लागून, रेडिओ पूर्ण बंद ठेवून आली. देशाच्या आकाशाच्या रक्षणासाठी मागे ठेवली होती फक्त १२. धावपट्टी फोडण्यासाठी खास बनवलेले बॉम्ब आधी टाकले, म्हणजे कुणाला उडता येऊ नये, आणि मग उघड्यावर रांगेत उभी असलेली विमानं एकेक करून जाळली. दिवस मावळेपर्यंत इजिप्तची सुमारे ३०० विमानं गेली होती.

या बेताची आखणी साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू होती. नेगेवच्या वाळवंटात इजिप्शियन तळांच्या प्रतिकृती करून वैमानिकांनी त्यांच्यावर सराव केला होता. कुठल्या तळावर कुठलं विमान कुठे उभं असतं, हे त्यांना पाठ होतं. विमानं फ्रान्सची होती, मिराज आणि मिस्टेअर, त्या काळातली उत्तम. मोर्देखाय होड हे वायुदलाचे प्रमुख आणि त्यांच्या आधीचे एझर वाइझमन, या दोघांनी वर्षानुवर्षं या एका सकाळीसाठी दल घडवलं होतं.

आणि जे फॉरवर्ड लिहिणाऱ्यांना कधीच दिसत नाही, ते म्हणजे जमिनीवरची माणसं. परतलेलं विमान थांबलं की इंधन भरायचं, बॉम्ब लावायचे, तोफेचा दारूगोळा चढवायचा, तपासायचं आणि सोडायचं. याला आम्ही टर्न राउंड म्हणायचो. इस्रायली तुकड्यांनी हे काम दहा मिनिटांच्या आतबाहेर आणून ठेवलं होतं, म्हणून त्यांचं एक विमान दिवसात चार चार वेळा जाऊ शकत होतं. समोरच्या वायुदलांना एक-दोन फेऱ्या झाल्या तरी पुष्कळ. याचा हिशेब करून बघा. २०० विमानं चार वेळा उडाली की समोरच्याला ती ८०० भासतात. लोहगावला उन्हाळ्यात तापलेल्या टारमॅकवर बाउझरचा, म्हणजे इंधनाच्या टँकरचा, पाइप ओढत आम्ही मिनिटं कमी करायला झटायचो. एक मिनिट वाचवायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. छाती लागतेच, पण हजार वेळा केलेली तीच ती कंटाळवाणी कवायत त्याहून जास्त लागते.

‘मूठभर सैनिक’ हेही खोटं. इस्रायलची लोकसंख्या तेव्हा सुमारे २७ लाख होती हे खरं, पण राखीव सैनिक बोलावल्यावर उभी राहिलेली फौज अडीच लाखांच्या वर होती. सिनाईत, म्हणजे इस्रायलला लागून असलेल्या इजिप्तच्या वाळवंटी द्वीपकल्पात, इजिप्तचं सैन्य होतं लाखभर, कारण त्यांच्या अनुभवी तुकड्या १९६२ पासून येमेनच्या यादवीत अडकून पडल्या होत्या. लढाई झाली ती मुख्यतः तिघांशी, इजिप्त, जॉर्डन आणि सीरिया. तीही तिघांशी एकदम नव्हे. पहिले दिवस सिनाई आणि जॉर्डनचे, आणि ९ जूनला सीरियाच्या गोलान टेकड्यांवर चढाई. तोवर सीरिया मुख्यतः तोफा डागत बसला होता. तेरा देशांचा आकडा कुठून आला ते लिहिणाऱ्यालाच विचारावं लागेल.

समोरच्याच्या चुकांबद्दल तर फॉरवर्डमध्ये अक्षरही नाही. इजिप्तचे सरसेनापती अब्देल हकीम आमेर त्या सकाळी वरिष्ठ अधिकाऱ्यांना घेऊन स्वतःच विमानात होते, सिनाईकडे निघालेले. त्यांच्या विमानाला चुकून धोका होऊ नये म्हणून विमानविरोधी तोफांना गोळीबार थांबवायला सांगितलेलं होतं. जॉर्डनमधल्या अजलून रडारने झेपावणारी विमानं पाहिली आणि सांकेतिक इशारा पाठवलाही, पण इजिप्तने संकेत बदललेले होते, तो कुणाला उलगडला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमेर यांनी सगळ्या सिनाईतून माघारीचा हुकूम सोडला. शिस्तीने मागे हटण्याचा कसलाही आराखडा नव्हता. जी फौज अजून लढू शकत होती ती सिनाईतल्या मितला खिंडीच्या वाटेवर गाड्यांच्या गर्दीत वरून मारली गेली. हे उद्या कुणाला हुकमी मिळेल असं भाग्य नव्हे.

पंतप्रधानांचा एका रात्रीतला निर्णय? इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी तिरानची सामुद्रधुनी, म्हणजे इस्रायलची तांबड्या समुद्राकडे जाणारी वाट, बंद केल्याची घोषणा २२-२३ मेची. युद्ध सुरू झालं ५ जूनला. मधल्या दोन आठवड्यांत पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांचं मंत्रिमंडळ दुभंगलेलं होतं, अमेरिकेचा कल जोखायला दूत जात होते, सेनाप्रमुख यित्झाक राबीन ताणाने दिवसभर अंथरुणाला खिळले होते. मोशे दायान संरक्षणमंत्री झाले तेच १ जूनला. एश्कोल यांनी वाट पाहिली म्हणून तेव्हा लोकांनी त्यांना दुबळं ठरवलं. पण त्या वाट पाहण्यानेच राखीव सैनिकांना कवायतीला वेळ मिळाला आणि अमेरिकेचा विरोध सौम्य झाला. आपलंही तसंच. १९७१ मध्ये एप्रिलमध्येच पूर्व पाकिस्तानात घुसा असा सूर होता. सेनाप्रमुख माणेकशॉ यांनी पुढे भाषणांतून सांगितल्याप्रमाणे त्यांनी नकार दिला, पावसाळ्यात नद्या फुगतील आणि सैन्य तयार नाही म्हणून. डिसेंबरमध्ये १३ दिवसांत ढाका पडलं, त्याच्या मागे हे आठ महिने होते.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते, जरी असल्या फॉरवर्डला काही मान्य करणं जिवावर येतं. छोट्या देशाला युद्ध लवकर संपवणं भागच असतं, आणि इस्रायलने ते खरोखर साधलं. बस चालवणारा, दुकान चालवणारा, शिकवणारा, सगळे आघाडीवर, म्हणजे देशाचा गाडा थांबलेला. असं दोन-तीन महिने चालूच शकत नाही. देशात खोली नाही, मागे हटायला जागा नाही. म्हणून लढाई शत्रूच्या जमिनीवर न्यायची आणि झटपट न्यायची, हे त्यांचं सूत्र. खालच्या अधिकाऱ्याला निर्णयाची मोकळीक आणि त्याने पुढे राहून लढायचं, हेही त्यांच्याकडे खरंच होतं. सिनाईतल्या अबू अगेला या ठाण्यावरच्या हल्ल्याच्या रात्री इस्रायली सेनानी शेरॉन यांच्या तुकड्यांनी पायदळ, तोफखाना, रणगाडे आणि हेलिकॉप्टरने उतरवलेले छत्रीधारी सैनिक एका अंधारात एकमेकांत गुंफले, ते आजही शिकण्यासारखं आहे. पण हे छोट्या देशाच्या अडचणीतून आलेलं शहाणपण आहे. त्याच अडचणीची भीती इतकी होती की युद्धाआधी तेल अविवमधल्या बागा कबरींसाठी राखून ठेवल्या होत्या. जिंकणार हे ठाऊक असलेले लोक असं करत नाहीत.

आता ज्या वाक्याने भाचीला खरं भुरळ पाडली त्याकडे येतो. ‘त्यानंतर पन्नास वर्षं कुणी वाकडी नजर टाकली नाही.’ सगळ्या फॉरवर्डमध्ये हे वाक्य सर्वांत धोकादायक आहे, कारण युद्धाची किंमत एकदाच मोजावी लागते असं ते शिकवतं.

युद्धबंदी झाली १० जूनला. २१ ऑक्टोबर १९६७ ला, म्हणजे चार महिने आणि थोड्या दिवसांनी, पोर्ट सैदजवळ इजिप्तच्या क्षेपणास्त्र नौकांनी इस्रायलची ‘एलात’ विनाशिका बुडवली. ४७ नौसैनिक गेले. मग दोन्ही सैन्यांमधली नवी सीमा बनलेल्या सुएझ कालव्याच्या दोन्ही काठांवरून तोफा, छापे, हवाई हल्ले, हे ऑगस्ट १९७० पर्यंत. आणि ६ ऑक्टोबर १९७३ ला दुपारी इजिप्तने कालवा ओलांडला. पलीकडच्या उंच वाळूच्या भिंतीला पाण्याच्या जोरदार पंपांनी खिंडारं पाडली आणि पूल टाकले. त्याच वेळी सीरिया गोलानवर उतरला. १९६७ मध्ये ज्यांनी आकाश एका सकाळीत जिंकलं होतं त्यांची सुमारे १०० विमानं या युद्धात पडली, बहुतेक जमिनीवरून सुटणाऱ्या क्षेपणास्त्रांनी. इस्रायलचे २,६०० हून अधिक सैनिक मेले, सहा दिवसांत मेले होते त्याच्या तिपटीच्या आसपास.

हे असं का झालं, ते इस्रायलनेच शोधलं. सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष शिमोन अग्रानात यांच्या नेतृत्वाखाली चौकशी आयोग बसला आणि एप्रिल १९७४ मध्ये त्याचा पहिला अहवाल आला. भाचीने फॉरवर्डच्या जागी याच्याबद्दल वाचावं असं मला फार वाटतं. आयोगाने दाखवलं की लष्करी गुप्तवार्ता विभाग एका ठाम समजुतीला चिकटून बसला होता. इस्रायलच्या विमानतळांवर खोलवर मारा करण्याइतकं वायुबळ मिळेपर्यंत इजिप्त युद्ध करणारच नाही, आणि इजिप्तशिवाय सीरिया करणार नाही, ही ती समजूत. ती आली कुठून? ५ जूनच्या सकाळमधून. आम्ही विमानतळ फोडून जिंकलो, तेव्हा त्यांनाही जिंकायचं तर विमानतळच फोडावे लागतील. इजिप्तने इस्रायलच्या आतल्या विमानतळांचा नाद सोडला आणि आपल्या सैन्यावर क्षेपणास्त्रांचं छप्पर धरून कालवा ओलांडला. सीमेवर जमवाजमव डोळ्यांना दिसत होती, तरी ती कवायत मानली गेली.

आयोगाने सेनाप्रमुखांना पदावरून दूर करावं अशी शिफारस केली. ते होते दाविद एलाझार. १९६७ मध्ये उत्तर विभागाचे सेनापती म्हणून गोलान जिंकून दिलेले हेच. त्यांनी राजीनामा दिला, त्याच महिन्यात पंतप्रधान गोल्डा मेयर यांनीही. ज्या सिनाईसाठी एवढं रक्त सांडलं ती १९७९ च्या करारानंतर १९८२ पर्यंत इजिप्तला परत गेली, आणि इजिप्तच्या सीमेवर शांतता आली ती त्या कराराने. त्याच सहा दिवसांत घेतलेल्या पश्चिम किनारा आणि गाझाचं काय झालं ते रोजच्या बातम्यांत दिसतं.

फॉरवर्डमध्ये नसलेले आणखी काही जण आहेत. ५ जूनला गाझात संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्यांतले भारतीय जवान होते. १९५६ पासून तिथे आपली तुकडी होती आणि तेव्हा ती परत निघण्याच्या तयारीत होती. त्यांतले काही जण इस्रायली माऱ्यात मरण पावले. इंदिरा गांधींनी संसदेत निषेध केला. देशभक्त असाल तर दहा जणांना पाठवा असं लिहिणाऱ्याला आपले हे जवान आठवले नाहीत, याचा मला खरोखर संताप आला.

उरला शेवटचा सल्ला, भारताने पहिला घाव घालावा. हा प्रयोग आपल्या शेजारात झालेला आहे, फक्त करणारे आपण नव्हतो. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने नेमकं १९६७ डोळ्यांसमोर ठेवून अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अंबाला, आग्रा अशा आपल्या तळांवर अचानक हल्ला केला. विमानं थोडी पाठवली आणि आपली विमानं त्यांना उघड्यावर सापडली नाहीत. १९६५ ला पठाणकोटला उघड्यावरची विमानं गमावून आपण पोळलो होतो, सिनाईतून तर सगळं जग शिकलं होतं. तेव्हा विमानं पांगवलेली होती, भक्कम आडोशात होती. धावपट्ट्यांवर खड्डे पडले, ते भरले, आणि त्याच रात्री आपली कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं पाकिस्तानच्या तळांवर गेली.

माझ्या ट्रेनिंगच्या काळात आम्हाला शिकवणारे एक वॉरंट ऑफिसर त्या संध्याकाळी पंजाबातल्या एका तळावर होते. अंधारात, दिवे बंद, घमेल्यांनी खडी टाकत रात्र काढली असं सांगायचे, आणि लगेच आम्हाला पुन्हा टूलबॉक्स मोजायला लावायचे.

भाची रविवारी येते आहे. गटचर्चेचा विषय तिने बदललेला नाही, बाजू बदलली आहे. सकाळी तिला आधी खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरपर्यंत, म्हणजे कण्याला इजा होऊन अपंग झालेल्या सैनिकांच्या केंद्रापर्यंत, घेऊन जाणार आहे. आतले काही जण माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाने तिला भेटायचं कबूल केलं आहे.